रस्त्याची किंमत कोणाची?

सेऊल म्हटले की आपल्या तरुण मुलामुलींना आधी कोरियन मालिका आठवतात, मग गाणी, मग चेहऱ्याला लावायची क्रीमे. २०२७ च्या जागतिक युवादिनासाठी त्या शहराची निवड झाल्यापासून त्यांच्या बोलण्यात आणखी एक नाव येऊ लागले आहे. सॉन्गसू. 'फादर, तिथली दुकाने पाहण्यासारखी आहेत' असे मला सांगण्यात येते. असतीलही. दुकानांची यादी मुलांकडे माझ्यापेक्षा चांगली आहे, तेव्हा ती मी देत नाही. पण या वस्तीची हकिकत वाचताना एक प्रश्न समोर येतो आणि तो काही केल्या सुटत नाही. आज तो तुमच्यापुढे ठेवतो.

सॉन्गसू हा सेऊलच्या पूर्वेकडचा, हान नदीच्या उत्तर काठावरचा भाग. मेट्रोची दोन क्रमांकाची हिरवी लाइन शहराभोवती गोल फिरते, तिच्यावर हे स्टेशन आहे. रुळ वर खांबांवरून जातात. जिना उतरून खाली आले की थोड्याच अंतरावर यॉनमुजांग-गिल नावाचा रस्ता लागतो. 'गिल' म्हणजे रस्ता आणि 'यॉनमुजांग' म्हणजे कवायतीचे मैदान. राजांच्या काळात या बाजूला सैन्याचा सराव चाले. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दोन-तीन मजली लाल विटांच्या इमारती. कुठे कॅफे, कुठे अत्तरे, कुठे एकाच कारागिराने घडवलेली मातीची भांडी, कुठे चष्मे. देरिम नावाचे एक गोदाम आहे. ते आधी भातगिरणी होते, मग खरोखरचे गोदाम झाले आणि नंतर तिथे लोक चित्रे पाहत कॉफी पिऊ लागले. भिंतींचे पोपडे मुद्दाम तसेच ठेवलेले. फ्रान्सच्या दिओर कंपनीनेही २०२२ मध्ये याच भागात आपले झगमगते दालन उभे केले.

आणि जिकडेतिकडे 'पॉप-अप'. म्हणजे आठ-पंधरा दिवसांसाठी मांडलेले दुकान. एखादी कंपनी गाळा घेते, आतून-बाहेरून रंगवते, तरुण मंडळी रांग लावतात, फोटो काढतात, एखादी फुकटची पुडी घेऊन बाहेर पडतात. पुढच्या पंधरवड्यात तिथे दुसराच रंग. आपल्याकडे जत्रेत पाल उठते आणि मैदान मोकळे होते. इथे पाल उठत नाही, फक्त पालातला व्यापारी बदलतो.

या विटांच्या इमारती कोणी आणि कशासाठी बांधल्या? ही कारखान्यांची वस्ती होती. छापखाने, लोखंडकाम, मोटारदुरुस्ती आणि विशेष म्हणजे हाताने शिवलेले चामड्याचे जोडे. देशातल्या जोड्यांच्या धंद्याचे हे मोठे केंद्र. एक जण चामडे कापणार, दुसरा वरचा भाग शिवणार, तिसरा तो साच्यावर ताणून तळवा बसवणार. पुढे स्वस्त आयात माल आला, १९९७ च्या आर्थिक संकटाने अनेकांचे कंबरडे मोडले, गाळे रिकामे पडू लागले. भाडे उतरले म्हणून चित्रकार आले, लहान कॅफेवाले आले, हौसेने दुकान थाटणारी तरुण जोडपी आली. २००५ मध्ये जवळच 'सेऊल वन' हे मोठे उद्यान खुले झाले होते, त्यामुळे फिरायला येणारेही वाढले. वस्तीला रंग चढला, नाव झाले. नाव झाले तसे भाडे वाढले आणि ज्यांच्यामुळे नाव झाले त्यांतल्या बऱ्याच जणांना ते परवडेना. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मॉल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही चाल नवी नाही. फरक इतकाच, की इथे चिमणी पडत नाही. वीट जपली जाते. विटांच्या इमारतींची निगा राखायला तिथली स्थानिक पालिका अनुदानही देते. विटेच्या आत राबणाऱ्याचे काय, हे मात्र वेगळे विचारावे लागते.

आता प्रश्न. समजा, एका घरमालकाचा गाळा दहा वर्षांपूर्वी शंभर रुपये भाड्याने जात होता. आज त्याच गाळ्याला पाचशे मिळतात. मालकाने एक खिळाही ठोकलेला नाही. हे वरचे चारशे कोणाचे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना जॉन लॉक वाचावा लागतो. सतराव्या शतकातल्या या इंग्रज विचारवंताचे म्हणणे साधे आहे. रानातले फळ कोणाचेच नसते; ज्याने हात लावून ते तोडले, त्याचे श्रम त्यात मिसळले म्हणून ते त्याचे. शेताला हे बरोबर लागू पडते. रस्त्याला लावून पाहा, गोंधळ उडतो. सॉन्गसूच्या रस्त्यात कोणाचे श्रम मिसळले आहेत? जोडेवाल्याचे आहेत. पोपडे न झाकता कॅफे सजवणाऱ्या मुलीचे आहेत. उद्यानासाठी आणि मेट्रोसाठी कर भरणाऱ्या साऱ्या शहराचे आहेत. इतकेच काय, जो नुसता फिरायला येतो त्याचेही आहेत, कारण गर्दी हीच तर रस्त्याची किंमत. एकाच्या हातात मात्र मालकीचा कागद आहे आणि सगळ्यांनी मिळून पिकवलेले त्याच्या अंगणात पडते. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४८ मध्येच लिहून ठेवले होते, की जमीनदार काही न करता, झोपेतसुद्धा श्रीमंत होत जातो. हेन्री जॉर्ज या अमेरिकन लेखकाने १८७९ मध्ये त्यावर सबंध पुस्तक लिहिले आणि जमिनीच्या अशा वाढीव उत्पन्नावर कर बसवावा असे सुचवले.

घरमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक मालक काही धनदांडगा नसतो. उमेदीत छोटा कारखाना चालवून म्हातारपणी त्याच इमारतीच्या भाड्यावर जगणारा माणूस असू शकतो. वाईट दिवसांत गाळा रिकामा राहिला तेव्हा त्याचा तोटा वाटून घ्यायला कोणी आले नव्हते. मग चांगल्या दिवसांत सगळे वाटेकरी का? हा मुद्दा मला खोटा वाटत नाही. पण त्यातून वाट्याचा हक्क सिद्ध होतो, सगळ्याचा नव्हे. जोखीम भाडेकरूनेही घेतलेली असते. बहुधा आयुष्यभराची पुंजी लावून.

कोरियन व्यवहारात या गोष्टीला पूर्वीपासून एक नाव आहे: ग्वॉल्लिगम. दुकान सोडणाऱ्या भाडेकरूला नव्याने येणारा भाडेकरू ही रक्कम देतो. मुंबईची पागडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चटकन कळेल, मात्र पागडीत मालकाचाही हात असतो. इथे व्यवहार मुख्यतः दोन भाडेकरूंमधला. त्यात आतल्या सामानाची किंमत असते, जमवलेल्या गिऱ्हाइकांची असते आणि 'बादाक' म्हणजे जमिनीची, मोक्याच्या जागेचीही असते. लॉक न वाचलेल्या दुकानदारांनी लॉकचा प्रश्न आपल्यापुरता असा सोडवला होता. अडचण ही, की बराच काळ कायद्याच्या लेखी ही रक्कम जवळजवळ नव्हतीच. मालकाने 'जागा मलाच हवी' म्हटले की कोट्यवधी वॉन बुडाले.

हा केवळ हिशेबाचा वाद नव्हे. सेऊलच्याच यॉन्गसान भागात पुनर्विकासासाठी दुकाने पाडायची होती. भरपाईत ग्वॉल्लिगम धरले जात नव्हते. २० जानेवारी २००९ च्या पहाटे एका इमारतीच्या गच्चीवर ठाण मांडून बसलेल्या भाडेकरूंवर आणि त्यांच्या सोबत्यांवर पोलिसांनी कारवाई केली. आग लागली. पाच आंदोलक आणि एक पोलीस मृत्यू पावले.

कायदा हळूहळू बदलला. २०१५ पासून भाडेकरूला ग्वॉल्लिगम मिळण्यात आडकाठी करणाऱ्या मालकाकडून नुकसानभरपाई मागता येते. २०१८ मध्ये वर्षाची भाडेवाढ पाच टक्क्यांवर रोखली गेली आणि भाडेपट्टा चालू ठेवण्याचा हक्क पाच वर्षांवरून दहा वर्षांपर्यंत वाढला. सॉन्गसू ज्या सॉन्गदोंग विभागात येते, तिथल्या स्थानिक प्रशासनाने तर २०१५ मध्येच जुन्या लोकांची हकालपट्टी रोखण्यासाठी खास नियम केले. कोरियात असे नियम करणारे ते पहिलेच. मालकांनी भाडे बेताने वाढवू असे लिहून द्यावे, ठरावीक पट्ट्यात बड्या साखळी दुकानांना येण्यापूर्वी स्थानिकांची संमती लागावी, काही गाळे सरकारी मालकीचे ठेवून कमी भाड्याने द्यावेत, असा तो प्रयत्न. मला तो मनापासून आवडला.

आणि तरीही भाडे वाढले. लिहून देणे स्वखुशीचे होते. पाच टक्क्यांची मर्यादा चालू भाडेकरूला लागू, नव्याला नाही. अनामत आणि भाडे मिळून एका रकमेवर गेले की तीही लागू नाही; सेऊलमध्ये २०१९ साली ती रक्कम नव्वद कोटी वॉन ठरली. शिवाय उघडच तात्पुरत्या वापरासाठी दिलेल्या जागेला हा कायदाच लागत नाही. आता त्या पंधरा दिवसांच्या पॉप-अपकडे पुन्हा पाहा. जो भाडेकरू राहणारच नाही, त्याला हक्क कसले? मालकाला जास्त पैसे, कंपनीला जाहिरात, पाहुण्याला गंमत. ज्याची पंचाईत झाली तो त्या रांगेत उभाच नाही.

रांगेत उभा असतो तो आपल्यासारखा. त्याचा काही दोष आहे का? एकाने कॉफी प्याली म्हणून कोणा चांभाराचे घर उठत नाही. दहा लाखांनी प्याली म्हणून उठते. पण दहा लाख म्हणजे एक अधिक एक अधिक एकच. काही जण सुचवतात, की अशा ठिकाणी जाऊच नये. मला ते पटत नाही. न जाण्याने जोडेवाल्याचे गिऱ्हाईकही जाते. गर्दी आटली की काय होते ते नदीपलीकडच्या गारोसू-गिल या रस्त्यावर दिसले आहे. जिंको झाडांच्या त्या रस्त्यावर आधी छोट्या कलाकारांची दुकाने होती, मग बडी नावे आली, २०१८ मध्ये ॲपलने देशातले आपले पहिले दुकान तिथे उघडले. पुढे काही वर्षांत अनेक दुकानांची शटरे खाली आणि काचांवर 'भाड्याने देणे' असे कागद लागले. त्यातून जुने दुकानदार काही परतले नाहीत. तेव्हा प्रश्न जाण्या-न जाण्याचा नाही. आपल्या खिशातला पैसा तिथे कोणाच्या हातात पडतो, हे पाहण्याचा आहे.

तो पाहणेही सोपे नाही, कारण हाताने केलेले म्हणून जे महाग विकले जाते, त्यातले हाताला किती मिळते हे काचेच्या कपाटात लिहिलेले नसते. २०१८ च्या एप्रिलमध्ये सेऊलमधल्या जोडे शिवणाऱ्यांनी एका नामांकित कंपनीच्या मुख्य कार्यालयात ठिय्या दिला तेव्हा ते लोकांना कळले. दोन-तीन लाख वॉनला विकल्या जाणाऱ्या जोडामागे त्यांना सात हजारांच्या आसपास मिळत आणि तो दर आठ वर्षे बदलला नव्हता. कित्येकांची उभी हयात या कामात गेलेली. दोन आठवड्यांहून अधिक काळ बसल्यावर जोडामागे तेराशे वॉन वाढवून मिळाले.

सॉन्गसू स्टेशनच्या आतही जोड्यांचे एक छोटे प्रदर्शन आहे: साचे, हातोड्या, चामड्याचे तुकडे. त्याच स्टेशनच्या नावाला आपले नाव जोडायचा मान २०२४ मध्ये सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या एका दुकानसाखळीने सुमारे शंभर कोटी वॉनची बोली लावून मिळवला आणि पुढे स्वतःच सोडून दिला. कारागीर अजून आहेत. रस्त्यालगतचे गाळे परवडत नाहीत म्हणून काही जण वरच्या मजल्यावर, काही तळघरात, मागच्या गल्ल्यांत. तिथे बकले, टाचा, चामड्याची पाने विकणारी दुकानेही आहेत. पाय मापून घेऊन जोडा करून देणारे आहेत. मुलांनी विचारले तर मी त्यांना त्या गल्ल्या सांगणार आहे. शनिवार-रविवार सोडून, कामाच्या दिवशी सकाळी गेलात तर शिलाई यंत्राचा आवाज वरून ऐकू येतो.