‘काही होणार नाही’ आणि ‘भिऊ नको’



फेब्रुवारी महिन्यात ख्रिस्तसभा दोन दिवशी आपले लक्ष आजारी माणसांकडे वळवते. ५ तारखेला आपण संत अगाथा ह्या कुमारी-हुतात्म्याचे स्मरण करतो. ११ तारखेला लूर्दच्या मरियामातेचा स्मरणदिन असतो. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९२ साली हाच दिवस ‘जागतिक रुग्णदिन’ म्हणून ठरवला आणि १९९३ पासून तो पाळला जातो. ह्या निमित्ताने आम्ही आज एका अशा आजारपणाविषयी लिहीत आहोत, की ज्याला अजून आजारपण म्हणता येत नाही. मॅमोग्राफीत काहीतरी वेगळे दिसले आहे, डॉक्टरांनी बायॉप्सी सांगितली आहे आणि पुढचे काहीच ठाऊक नाही, असे ते दिवस. आपल्यापैकी काही भगिनी ह्या दिवसांतून गेल्या आहेत. कदाचित आज ह्याच बाकांवर बसलेली एखादी जात असेल.

प्रथम आमची एक चूक सांगतो. ज्या भगिनीच्या बाबतीत ती झाली, तिच्या परवानगीने हे लिहीत आहोत. ती आपल्या धर्मग्रामातली नाही, म्हणून ती कोण हे कृपया शोधत बसू नका.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवेत होतो. एका शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर ती साक्रिस्तीच्या दाराशी येऊन थांबली. वेदीसेवक मुले निघून जाईपर्यंत ती बाजूलाच उभी होती. मग पिशवीतून एक मोठा लिफाफा काढून तिने टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “फादर, ह्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करा.” आत मॅमोग्राफीच्या फिल्म होत्या. पुढच्या बुधवारी बायॉप्सी होती. घरात तिने कोणालाच सांगितले नव्हते. मे महिन्यात मुलीचे लग्न ठरले होते, आणि आईला असे काही असल्याचे व्याह्यांच्या कानावर गेले तर, ही तिला धास्ती होती.

आम्हाला त्या संध्याकाळी एका मयताच्या घरी जायचे होते. घाईत होतो. लिफाफ्यावर हात ठेवला, प्रार्थना म्हटली आणि तिला धीर द्यायचा म्हणून म्हणालो, “काही होणार नाही. देवावर विश्वास ठेवा.” ती हसली, डोळे पुसले आणि गेली. आपण आपले काम चांगले केले, असेच तेव्हा वाटले.

तीन आठवड्यांनी ती बाजाराच्या वाटेवर भेटली. बायॉप्सी झाली का, असे विचारले. ती म्हणाली, “गेलेच नाही, फादर. तुम्हीच म्हणालात ना, काही होणार नाही!”

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. जे आम्हाला ठाऊक नव्हते ते आम्ही देवाच्या नावाने सांगितले होते, आणि एका माउलीने ते देवाचेच शब्द समजून तपासणी टाळली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बोलावून तिची माफी मागितली आणि नवी तारीख घ्यायला सांगितले. ह्या वेळी तिने आपल्या जावेला विश्वासात घेतले. दोघी मिळून गेल्या.

तिच्या रिपोर्टात काय आले, हे आम्ही येथे लिहिणार नाही. ते तिचे आहे. शिवाय रिपोर्ट चांगला आला असे लिहिले, तर आमची चूक आपल्याला छोटी वाटेल. वाईट आला असे लिहिले, तर एखादी भगिनी उद्याची आपली तारीख रद्द करील. रिपोर्ट काहीही आला तरी चूक तेवढीच मोठी होती.

तेव्हापासून आम्ही मार्कलिखित शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वेगळ्या नजरेने वाचतो. सभास्थानाचा अधिकारी याईर आपल्या आजारी मुलीसाठी येशूच्या पाया पडतो. येशू त्याच्याबरोबर निघतो. वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री गर्दीतून मागून येते आणि त्याच्या वस्त्राला हात लावते. येशू थांबतो. कोणी स्पर्श केला, असे विचारतो, सभोवार पाहतो, तिचे सारे ऐकून घेतो. ह्या सगळ्या वेळात याईर काय करत होता? शुभवर्तमान त्याविषयी एक शब्दही बोलत नाही. तो नुसता उभा होता. मुलगी घरी शेवटच्या घटका मोजत आहे आणि आपल्या हातात काही नाही, अशा अवस्थेत तो थांबला होता. मॅमोग्राफी आणि बायॉप्सीचा रिपोर्ट ह्यांच्या मधले दिवस याईरच्या त्या उभे राहण्यासारखे असतात.

मग घरून वाईट बातमी येते. ती ऐकल्यावर येशू त्याला भिऊ नको, विश्वास ठेव, एवढेच सांगतो. काही होणार नाही, असे तो म्हणत नाही. जे व्हायचे ते तर झालेले असते. आणि एवढे बोलून तो मागे राहत नाही, याईरबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत जातो.

‘काही होणार नाही’ आणि ‘भिऊ नको’ ही दोन वाक्ये आपल्याला सारखीच वाटतात, पण ती अगदी वेगळी आहेत. पहिले वाक्य उद्याविषयी आहे, आणि उद्या आपल्यापैकी कोणाच्याच हातात नाही. दुसरे वाक्य सोबतीविषयी आहे. पहिले बोलून आपण निघून जाऊ शकतो. दुसरे बोलले की बरोबर चालावे लागते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस ह्यांची एक शिकवण आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. आशा ह्या सद्गुणाच्या विरोधात दोन पापे आहेत, असे ते सांगतात. एक निराशा आणि दुसरा फाजील विश्वास. “आता सगळे संपले” ही निराशा. “मला काही होणारच नाही, देव बघून घेईल” हा फाजील विश्वास. दोघांनाही उत्तर आधीच ठाऊक असते, म्हणून दोघेही दवाखान्याची पायरी चढत नाहीत. आशा मात्र उत्तर ठाऊक नसतानाही पायरी चढते. ज्या चांगल्याची आपण आशा धरतो ते मिळणे कठीण असते पण अशक्य नसते, असेही संत थॉमस म्हणतात. थरथरत्या हाताने बायॉप्सीच्या कागदावर सही करणारी भगिनी आशेचा सद्गुण आचरत असते. तिला भीती वाटते म्हणून तिचा विश्वास कमी ठरत नाही. गेथसेमनी बागेत प्रभूलाही व्याकुळता आली आणि प्याला टळावा अशी विनंती त्यानेही केली.

काही भीती अज्ञानातून येते. म्हणून थोडी माहिती देतो.

मॅमोग्राफी हा स्तनांचा एक प्रकारचा एक्स-रे असतो. त्याच्या रिपोर्टात ‘बायरॅड्स’ असे लिहून पुढे ० ते ६ पैकी एक आकडा देतात. ० म्हणजे चित्र अपुरे आहे, आणखी तपासणी हवी. १ आणि २ म्हणजे काळजीचे कारण दिसत नाही. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, पण काही महिन्यांनी, साधारण सहा महिन्यांनी, पुन्हा पाहायचे. ४ म्हणजे शंका आहे, बायॉप्सी करावी. ५ म्हणजे शंका फार बळकट आहे. ६ म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झाला आहे. ह्यातला ४ हा आकडा फार लांबरुंद आहे. शंभरात दोनच्या शंकेपासून शंभरात पंचाण्णवच्या शंकेपर्यंत सारे त्यात येते. म्हणून ‘चार’ वाचून कोणी आपल्या मरणाची तयारी करू नये, आणि तो कागद कपाटातही ठेवू नये.

बायॉप्सीचे नाव मोठे आहे. सहसा ती सुईची असते. जागा इंजेक्शनने बधिर करतात, सोनोग्राफीत पाहून सुई नेमकी तिथे नेतात आणि मांसाचे बारीक धाग्यासारखे काही तुकडे काढतात. त्याच दिवशी घरी जाता येते. थोडे दुखते, काळेनिळे होते, काही दिवसांत ओसरते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. ते तुकडे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, आणि त्यालाच काही दिवस लागतात. कित्येकदा साधी, निरुपद्रवी गाठ निघते. कर्करोग निघालाच, तर तो कोणत्या जातीचा आणि त्यावर कोणते औषध चालेल, हे त्याच तुकड्यावरून कळते.

“सुई लावली की गाठ चेकाळते आणि पसरते,” असे आपल्या वाड्यांतून अजून ऐकू येते. हे खरे नाही. पसरायला वेळ मिळतो तो तपासणी टाळल्याने. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविका ठरावीक काळाने नुसत्या हाताने स्तनतपासणी करत. त्या गटात कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीच्या व त्यापुढच्या स्त्रियांत ह्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, फक्त शिकलेले हात आणि वेळेवर जाणे.

प्रार्थनेविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गाठ जी आहे ती आहेच. बायॉप्सी ती निर्माण करत नाही, फक्त उजेडात आणते. सत्याला घाबरून केलेली प्रार्थना लपण्याची जागा होते. सत्याकडे जाताना केलेली प्रार्थना शिदोरी होते. बरे होण्यासाठी जरूर मागा, आम्हीही मागतो. पण रिपोर्ट चांगला आला म्हणजे देवाने ऐकले, असे म्हणताना पलीकडच्या बाकावर जिचा रिपोर्ट वाईट आला ती बसली आहे, हे विसरू नका. तिनेही तीच नोव्हेना केली होती. तिचे देवाने ऐकले नाही काय? तिच्यावर देवाचे प्रेम तिळभरही कमी नाही, आणि तिचा आजार ही कोणत्याही पापाची शिक्षा नाही.

बायॉप्सीपूर्वी रुग्णाभ्यंग संस्कार घ्यावा का, असेही विचारतात. हा संस्कार गंभीर आजारी व वृद्धांसाठी आहे. गंभीर आजारामुळे शस्त्रक्रिया ठरली, तर तिच्या आधी तो जरूर घ्यावा. तो केवळ मरणाच्या दारातला संस्कार नव्हे. नुसत्या तपासणीसाठी मात्र पापनिवेदन, ख्रिस्तशरीर आणि धर्मगुरूंचा आशीर्वाद पुरेसा आहे.

आता लाजेविषयी. संत अगाथा ही सिसिली बेटावरच्या कातानिया शहरातली, तिसऱ्या शतकातली. छळ करणाऱ्यांनी तिचे स्तन कापले, अशी परंपरा सांगते. म्हणूनच स्तनाच्या रोगाने पीडित स्त्रिया तिचा धावा करतात. पहिल्या कृतज्ञतास्तवनात, खुद्द वेदीवर, ख्रिस्तसभा तिचे नाव घेते. जिच्या जखमी देहाचा ख्रिस्तसभेला अभिमान आहे, तिच्या लेकींनी आपले दुखणे पदराआड का लपवावे? आणि आईला कर्करोग आहे म्हणून मुलीचे स्थळ नाकारणाऱ्यांनी प्रभूच्या वेदीजवळ येण्यापूर्वी विचार करावा.

आपण काय करू शकतो? गेथसेमनीत प्रभूने तीन मित्रांकडे फार मोठे काही मागितले नव्हते. आपल्याबरोबर जागे राहा, एवढेच. ते झोपले. आपण झोपू नये. कोणाची तपासणी आहे असे कळले, तर मिस्सानंतर देवळाच्या आवारात तिला रिपोर्ट विचारू नका. “माझ्या मावशीलाही असेच होते, सहा महिन्यांत गेली,” हे सांगू नका. “काही होणार नाही,” हेही नको. “कितीची गाडी आहे? मी येते,” असे म्हणा. तिच्या घरी त्या दिवशी डबा पोहोचवा. मुलांना शाळेतून आणा. नवऱ्यांनी बाहेर गाडीत बसून राहू नये, आत जाऊन शेजारी बसावे.

आणि ज्या भगिनीच्या कपाटात आज असा लिफाफा आहे तिला आमचे सांगणे आहे. तो घेऊन या. साक्रिस्तीचे दार उघडे असेल. आम्ही घाईत असणार नाही. आम्ही तुम्हाला उद्याचे वचन देणार नाही, ते आमच्याजवळ नाही. आपण मिळून प्रार्थना करू, तारीख ठरवू, आणि तुमच्याबरोबर कोण जाणार तेही ठरवू. नाव न सांगता ‘एका भगिनीसाठी’ म्हणून मिस्सात तुमची आठवण केली जाईल.

हे प्रभो, याईरच्या बरोबर तू त्याच्या घरापर्यंत चाललास. ज्या आज वाट पाहत आहेत त्यांच्याही बरोबर चाल. त्यांच्या डॉक्टरांच्या हातांना स्थैर्य दे, आणि आम्हाला त्यांच्याबरोबर जागे ठेव. आमेन.

प्रभूचा आशीर्वाद आपणां सर्वांवर असो.

ख्रिस्तात आपले,
प्रमुख धर्मगुरू