चापावरचं बोट

दसऱ्याच्या उत्सवात रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराज पालखीत बसून निघतात, तेव्हा पोलिसांचं पथक त्यांना सशस्त्र मानवंदना देतं. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत तर शस्त्र मूर्तीच्या हातातच असतं. मागच्या एका हातात परशू किंवा अंकुश, दुसऱ्यात पाश. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर त्या परशूच्या पात्यालाही तितक्याच निगुतीनं रंग देतो. देवाच्या हातातलं शस्त्र पाहून कुणी भाविक दचकत नाही. शस्त्राला स्वतःचं पाप नसतं, पाप-पुण्य उचलणाऱ्याच्या हेतूत असतं, ही आपली जुनी धारणा आहे.

ही धारणा रोहा-पेणच्या याच रायगड जिल्ह्यात दोनदा कसाला लागली. फेब्रुवारी 1993 मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स आणि एके-56 रायफली उतरल्या. पुढच्याच महिन्यात, 12 मार्चला, मुंबईतल्या स्फोटांत 257 माणसं गेली. मग 18 ऑगस्ट 2022 रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ नावाची बेवारस नौका लागली आणि तिच्यात तीन एके-47 सापडल्या. मस्कतहून युरोपला निघालेली ही नौका इंजिन बिघडल्यानं समुद्रातच सोडून दिलेली होती, घातपाताचा संबंध तूर्त आढळलेला नाही, असं त्याच दिवशी सरकारनं सांगितलं. पहिल्या वेळी मनात खून होता, दुसऱ्या वेळी कुणाच्याच मनात काही नव्हतं. तरीही जिल्हाभर नाकाबंदी झाली, आणि ती योग्यच होती. मग निव्वळ वस्तूतही काही दोष असतो का?

आपल्या कायद्यानं या प्रश्नाचं उत्तर फार नेमकं दिलं आहे. एके-47 सारख्या बंदुकीला लावला जाणारा ‘असॉल्ट रायफल’ हा शब्दच 1959 च्या शस्त्र अधिनियमात नाही. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतून निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू वगळल्या आहेत. उदाहरणादाखल लाठी आणि साधी हातकाठी यांची नावंच घेतली आहेत. ‘प्रतिबंधित शस्त्र’ मात्र कायदा वेगळं काढतो. चापावर दाब दिला की तो दाब निघेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात, असं अग्निशस्त्र. त्याच कलमात विषारी वायू वा द्रव फेकणारी शस्त्रं आणि तोफा येतात. बंदूक दिसते कशी, ती कुणाची, ती कशासाठी घेतली, यातलं काहीही या व्याख्येत नाही.

लष्कराची भाषा निराळी. तिथे असॉल्ट रायफल म्हणजे आटोपशीर लांबीची, पिस्तुलाच्या आणि पूर्ण ताकदीच्या रायफलीच्या मधलं काडतूस वापरणारी, एकेक गोळी किंवा सलग मारा यांपैकी हवं ते निवडू देणारी रायफल. जर्मनीच्या 1944 च्या श्टुर्मगेवेअरपासून हा प्रकार रुळला. एके-47 च्या उजव्या बाजूला एक लांब पत्र्याची खिटी असते. वर असली की बंदूक बंद, मधे सलग मारा, अगदी खाली एकेक गोळी. सलग माऱ्याचा वेग मिनिटाला सुमारे 600, म्हणजे 30 गोळ्यांचं मॅगझिन तीन सेकंदांत संपतं.

त्या तीन सेकंदांतच खरा नैतिक प्रश्न आहे. परशूचा दुसरा घाव घालायचा तर हात पुन्हा उचलावा लागतो आणि तेवढ्यात मन बदलू शकतं. सलग माऱ्यात निर्णय पहिल्या गोळीचा असतो, उरलेल्या एकोणतीस त्याच्या मागे धावतात. हेतूवर पाप-पुण्य ठरवणाऱ्या आपल्या धारणेला इथे धक्का बसतो, कारण हेतूला पुन्हा विचार करायला सवडच उरत नाही. 1959 च्या कायद्यानं बोट ठेवलं ते नेमकं यावर.

अमेरिकेनं 1994 मध्ये दुसरी वाट धरली. दहा वर्षं चाललेल्या तिथल्या बंदीत घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावायची सोय अशी लक्षणं मोजली जात. उत्पादकांनी एखादं लक्षण काढून तीच बंदूक विकली. रूपावर बेतलेली व्याख्या अशीच फसते. पण 1 ऑक्टोबर 2017 चं लास व्हेगासचं हत्याकांड याहून खोल प्रश्न विचारतं. तिथे मारेकऱ्यानं ‘बम्प स्टॉक’ नावाचा जोड वापरला. बोट जागेवर स्थिर राहतं, धक्क्यानं बंदूक मागेपुढे होते आणि चाप पुन्हा पुन्हा त्या बोटावर आपटतो. साठ माणसं मेली. जून 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की ही मशीनगन नव्हे, कारण प्रत्येक गोळीला चाप नव्यानं हलतो. म्हणजे मोजायचं काय, यंत्राची हालचाल की माणसाचा निर्णय? बहुमतानं यंत्र मोजलं. धर्मविचाराच्या दृष्टीनं ते चूकच आहे, कारण कर्म माणसाचं असतं, चापाचं नसतं.

एके-47 घडवणारे मिखाईल कलाश्निकोव्ह यांनाही हा प्रश्न अखेरीस सुटला नाही. आपल्या रायफलीनं घेतलेल्या जिवांचा दोष आपल्याकडे येतो का, असं त्यांनी रशियन चर्चच्या प्रमुखांना पत्रातून विचारलं होतं. मातृभूमीच्या रक्षणासाठी शस्त्र घडवणाऱ्याच्या पाठीशी चर्च असतं, असा खुलासा चर्चच्या प्रवक्त्यानं पुढे केला. हे उत्तर पुन्हा हेतूपाशीच थांबलं.

पेण तालुक्यातल्या गागोद्यात 1895 मध्ये जन्मलेले विनोबा आणि रोह्यात 1920 मध्ये जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले, दोघांनी हयातभर गीता सांगितली, आणि ती रणांगणावरच सुरू होते. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत विनोबा एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. शेकडोंना फाशी देणारा हा माणूस स्वतःचा मुलगा खुनी म्हणून समोर येताच फाशीच्या अमानुषतेवर बोलू लागतो. अर्जुनाची अहिंसा तशीच मोहातून आलेली, हा विनोबांचा मुद्दा. पण आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सारी गीता घडते ती अर्जुनानं धनुष्य खाली ठेवल्यावर. निर्णयाला सवड होती म्हणून संवाद झाला.

कायद्यालाही ही सवड कधी कधी नकोशी होते. 1988 च्या दुरुस्तीनं प्रतिबंधित शस्त्रानं जीव गेला तर मृत्युदंड सक्तीचा केला. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच ठेवला नाही. शस्त्राचा दोष न्यायासनावर येऊन बसला होता. 1 फेब्रुवारी 2012 रोजी पंजाब राज्य विरुद्ध दलबीर सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवलं. 2019 च्या दुरुस्तीनं असं शस्त्र बेकायदा बाळगण्याची शिक्षा वाढवून सात ते चौदा वर्षं केली. सक्तीची फाशी मात्र परत आली नाही.