अमिताचे मोजमाप

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पर्जन्य मोजण्याची जी व्यवस्था सांगितली आहे, ती एखाद्या दक्ष कारभाऱ्याच्या हिशेबी बुद्धीस साजेशीच आहे. कोठारात हातभर तोंडाचे कुंड मांडून ठेवावे, त्यात साचलेल्या पाण्यावरून पावसाचा अदमास घ्यावा, आणि कोणत्या मुलखास किती पाऊस योग्य समजावा याचे कोष्टक अधिकाऱ्याजवळ असावे, असा तो एकंदर विधी. जांगल प्रदेशास सोळा द्रोण, अवंतीस तेवीस, अशी मापे तो निःशंकपणे देतो. परंतु अपरान्ताची, म्हणजे आपल्या कोकणाची, पाळी आली की अंक सोडून तेथील पाऊस अपरिमित असे सांगून मोकळा होतो, आणि त्याच सदरात हिमप्रदेशांनाही घालतो. सह्याद्रीचा पाऊस आणि हिमालयाचे बर्फ ही दोन्ही अशा रीतीने दोन हजार वर्षांपूर्वीच हिशेबाबाहेरची म्हणून एका पंक्तीस बसली. कर्जत-खालापुरात ज्याने एक आषाढ काढला आहे, त्याला ही पंगत अनुचित वाटणार नाही.

कारण या दोन्ही प्रदेशांत आकाशातून जे उतरते ते वर आणि अरिष्ट अशा दोन निराळ्या पात्रांतून उतरत नाही. काश्मीरात गुलमर्गच्या वर अफरवटच्या उतारांवर, आखलेल्या वाटा सोडून, बर्फावरून घसरत उतरण्याच्या खेळासाठी जे लोक हिवाळाभर जातात, ते ज्या ताज्या हिमवृष्टीची चातकासारखी वाट पाहतात, तिच्याच भाराने खालचा अशक्त थर मोडतो आणि अवघा उतार हिमलोट होऊन सुटतो. उतरण्यास सर्वांत रम्य दिवस आणि सर्वांत घातकी दिवस हे पुष्कळदा एकाच तारखेस येतात. आपल्याकडे तीच कथा पाण्याची. ज्या जुलैच्या धारांवर खलाटीतील भाताची आवणी आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतील नाचणी-वरी अवलंबून, ज्यांच्यामुळे आषाण्याचा व भिवपुरीचा धबधबा पाहण्यास मुंबईची गाडी भरून माणसे उतरतात, त्याच धारा काळ्या खडकावरच्या मुरमाच्या व मातीच्या थरात मुरून त्याचे वजन वाढवतात, कणाकणांतील पकड सैल करतात, आणि एखाद्या रात्री तो थर खडकावरून निसटतो. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातील पर्जन्यसूक्ताच्या कवीला हे पुरते ठाऊक होते. पर्जन्याची स्तुती करून झाल्यावर शेवटच्या ऋचेत तो त्याला सांगतो की तू भरपूर वर्षलास, आता आवरते घे. पाऊस पडावा म्हणून देव पाण्यात ठेवणाऱ्या परंपरेत पाऊस थांबावा म्हणून केलेली ही विनवणी विरळा आहे, आणि ती कोकणच्या माणसास विशेष जवळची वाटावी.

येथे जो प्रश्न उभा राहतो तो हवामानशास्त्राचा नव्हे, धर्मविचाराचा आहे. अनुग्रह आणि कोप जर एकाच धारेत मिसळून येत असतील, तर त्यांना वेगळे करण्याचे काम कोणाचे? देणाऱ्याचे की घेणाऱ्याचे? आणि ते काम घेणाऱ्याचे ठरले, तर त्यातील चुकीस आपण दैव म्हणावे की अपराध?

मोजमापाचा इतिहास पाहता एक गोष्ट प्रथमच लक्षात येते. कौटिल्याचे कुंड कोठारात होते, देवळात नव्हते आणि डोंगराच्या पायथ्याशीही नव्हते. पाऊस मोजला जाई तो बी-पेरणीसाठी आणि अंती राजभागासाठी. आजही तहसील कचेरीच्या आवारात वा मंडळाच्या गावी जे पर्जन्यमापक असते, त्याची उठाठेव मुख्यतः महसुलाची आहे. पाच इंच तोंडाचे ते नरसाळे, त्याखालची बाटली, सकाळी साडेआठ वाजता ते पाणी काचेच्या अरुंद मापात ओतून डोळा पातळीशी आणून केलेली नोंद, आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटर भरले की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी झाली असे मानून पिकाच्या पंचनाम्याचे हुकूम सुटणे, हा क्रम आता अंगवळणी पडला आहे. स्वयंचलित यंत्रे आली तरी हेतू फारसा बदललेला नाही. घाटमाथ्यावर लोणावळे, वळवण आणि शिरवटे येथे तलाव बांधून टाटांनी तेथील पाणी सतराशे फुटांहून अधिक खाली खोपोलीस आणले आणि १९१५ साली वीज काढली. १९२२ साली भिवपुरीस तसेच दुसरे केंद्र उभे राहिले. तेव्हापासून वरच्या पावसाचा इंच न् इंच हा मुंबईच्या गिरण्यांचा आणि आगगाड्यांचा प्रश्न झाला. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग गेल्यापासून कड्यांवर नजर ठेवणे हे रेल्वेचे नित्यकर्म झाले, आणि पावसाळ्यात दोर लावून उतारांवर उतरणाऱ्या, सुटू पाहणारे धोंडे आधीच पाडणाऱ्या हिल गँगचे मजूर मंकी हिल आणि ठाकूरवाडीच्या परिसरात आजही दिसतात. सारांश, अपरिमित मानलेला हा पाऊस आपण मोजू लागलो खरे, पण जेथे सारा, वीज किंवा गाडी यांचा संबंध होता तेथेच मोजू लागलो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर जी दरड कोसळली, तिचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. चौकजवळून पायी चढून जाण्यावाचून तेथे वाट नव्हती. यंत्रे वर नेता येईनात, म्हणून चिखल आणि दगड हातांनी, कुदळी-फावड्यांनी उपसावे लागले. सत्तावीस प्रेते सापडली, सत्तावन्न माणसे सापडली नाहीत, आणि चौथ्या दिवशी शोध थांबवण्यात आला. ठाकर समाजाच्या त्या वाडीतील काही मुले आश्रमशाळांत होती, म्हणून वाचली. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत त्या परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे सरकारने विधिमंडळात सांगितले, आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती हेही सांगितले.

ही दोन विधाने शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्यात आकडा आहे, दुसऱ्यात त्या आकड्याला जाण्यासाठी घर नाही. पाऊस मोजला गेला होता. परंतु मोजलेल्या पावसाचा आणि उतारावर झोपलेल्या माणसाचा संबंध जोडणारे सदर दप्तरात नव्हते. २०१४ च्या ३० जुलैस आंबेगाव तालुक्यातील माळीण आणि २०२१ च्या २२ जुलैस महाडचे तळिये ही गावे अशीच गेलेली असता, तिसऱ्या वेळी केवळ अस्मानी हा शब्द पुरेसा होतो काय? आपल्या पूर्वजांनी संकटाचे अस्मानी आणि सुलतानी असे जे दोन वर्ग केले, त्यांतील सीमा त्यांच्या काळी ठळक होती, कारण आभाळात काय चालले आहे हे कोणत्याच कचेरीस आधी कळत नसे. ज्या दिवशी कचेरीस ते कळू लागले त्या दिवशी ती सीमा सरकली, आणि दर नव्या नोंदीबरोबर ती सरकतच राहते.

यावर दैववादी म्हणेल की, अमुक डोंगर अमुक रात्री सुटेल हे कोणत्या मापकाने सांगितले असते? हा आक्षेप खरा आहे. हिमप्रदेशातील निरीक्षकांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. मनालीस १९६९ साली हिम व हिमलोट यांच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन झाली, तिचे काम आता संरक्षण खात्याची दुसरी संस्था पाहते. युरोपात तर १९९३ पासून धोक्याची पाच पायऱ्यांची एकच श्रेणी सर्व देश वापरतात. पडलेले बर्फ मोजून हे लोक थांबत नाहीत. उतारावर उभा खड्डा खणतात आणि त्याच्या भिंतीत प्रत्येक थर हाताने चाचपतात: यात मूठ शिरते, यात चार बोटे, यात एकच बोट, यात पेन्सिल, यात सुरीचे टोक. कठीण थराखाली मूठ शिरेल असा भुसभुशीत थर लागला की ताज्या बर्फाचा अर्थ बदलतो. आणि इतके करूनही ते हा उतार आज सुटेल असे म्हणत नाहीत; येथे आज तिसऱ्या वा चौथ्या पायरीचा धोका आहे, एवढेच म्हणतात. ज्ञानाची ही नम्रता आणि ही चिकाटी एकाच माणसाच्या ठायी नांदू शकते, हे दैववादी आणि यंत्रवादी दोघांनीही पाहण्यासारखे आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि दैव. या गणनेतील क्रम माझ्या मते अर्थपूर्ण आहे. दैव नाकारलेले नाही, पण ते पाचवे आहे. आधीच्या चारांचा हिशेब लागल्यावर जे उरते ते त्याचे. इर्शाळवाडीस लावून पाहिले तर अधिष्ठान तो उतार, कर्ता म्हणजे राज्यकारभार आणि समाज, साधने म्हणजे पर्जन्यमापक, नकाशे आणि याद्या, चेष्टा म्हणजे पावसाळ्यापूर्वीची पाहणी, वेळेवरचे स्थलांतर, पायथ्याशी आधीच बांधून ठेवलेली घरे. या चारांचा पडताळा न घेता पाचव्याचे नाव घेणे म्हणजे परमेश्वराला पंचनाम्यावर सही करणारा पंच म्हणून बोलावणे होय. तो येत नाही, म्हणून त्याच्या नावे आपणच अंगठा उमटवतो. अशा भक्तीपेक्षा नास्तिकाची चौकसबुद्धी मला अधिक धार्मिक वाटते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे, आणि तो वाडीतून येतो, कचेरीतून नव्हे. दर जुलैत इशारा यावा, माणसांनी आवणी टाकून, गुरे-कोंबड्या सोडून खालच्या शाळेत जाऊन राहावे, आणि नऊ वर्षे डोंगर जागचा हलू नये. मग दहाव्या वर्षी त्यांनी का उठावे? येथे दोष माणसांच्या श्रद्धेचा नाही. जो इशारा पाळण्याची सगळी किंमत ऐकणाऱ्यानेच मोजायची असते, तो इशारा नैतिक दृष्ट्या अपुरा आहे. आखलेली वाट सोडून बर्फावर जाणाऱ्याने आपला धोका आपण निवडलेला असतो. हिमलोटात सापडणाऱ्या अशा लोकांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो लोट त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्यांच्या भाराने सुटलेला असतो. झेनिथच्या धबधब्याखाली किंवा सोलनपाड्याच्या धरणावर मनाई हुकूम असताना उतरणारा शहरी पर्यटकही त्याच जातीचा. त्याला आकडा सांगितला की सांगणाऱ्याचे कर्तव्य बव्हंशी संपते. परंतु पिढ्यान्पिढ्या उतारावर वस्ती करून असलेल्या ठाकराने धोका निवडलेला नाही, त्याने उपजीविका निवडली आहे, आणि तीही निवडण्यासारखे दुसरे काही त्याच्यापुढे नव्हते. त्याला नुसता आकडा सांगणे म्हणजे आपल्या खांद्यावरचे ज्ञानाचे ओझे त्याच्या खांद्यावर टाकणे. त्याच्या बाबतीत कर्तव्य इशाऱ्यापाशी संपत नाही, तेथून सुरू होते. बुडालेल्या आवणीची भरपाई, गुरांचा निवारा, आणि इशारा फुकट गेला त्या वर्षी कोणी हसणार नाही अशी व्यवस्था, हे सर्व त्या इशाऱ्याचेच भाग मानले पाहिजेत.

शिवाय, त्याला काहीच कळत नाही असे समजणे हाही एक अहंकारच आहे. एरवी निवळ वाहणारा झरा एकाएकी तांबडा झाला, वाहता ओहोळ भर पावसात आटला, जोत्याला नवी भेग गेली, उतारावरचा आंबा किंवा ऐन एका बाजूस कलला, ही चिन्हे डोंगरातल्या माणसाला प्रथम दिसतात, आणि भूवैज्ञानिकही हीच चिन्हे पाहावयास सांगतात. तहसीलातील मापक पायथ्याचा पाऊस सांगतो. कड्यालगत दोन कोसांच्या अंतरात पाऊस दीडपट-दुप्पट होऊ शकतो, हे माथेरानच्या पायथ्याशी राहणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. तेव्हा वाडीतल्या दोघा-चौघांच्या हाती मापक द्यावे, त्यांनी वाचलेला आकडा कचेरीने प्रमाण मानावा, आणि तांबड्या झऱ्याची वर्दी मिलिमीटरच्या नोंदीइतक्याच इभ्रतीने दप्तरात चढावी, हे मला शास्त्राच्या आणि धर्माच्या दोन्ही दृष्टींनी योग्य दिसते.

उरला प्रश्न श्रद्धेचा. पाऊस मोजण्याने त्याचे देवपण उणे होते असे काही भाविकांना वाटते, आणि मोजता येते त्यात देव कसला असे काही विद्वानांना वाटते. दोघेही मोजमापाला वाजवीपेक्षा जास्त सामर्थ्य बहाल करतात. मापकात येते ते पाच इंच तोंडावर पडलेले पाणी; बाकीचा पाऊस डोंगरावर पडतच असतो. कौटिल्याने कोकणास अपरिमित म्हटले तेव्हा कारभाऱ्याचे हात टेकले होते, आणि ते त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले. आपल्याजवळ साधने अधिक आहेत, म्हणून आपली जबाबदारी अधिक आहे. पण सर्व मोजून झाल्यावर काही उरेल हे त्याच्याइतकेच आपल्यालाही मान्य करावे लागेल. त्या उरलेल्याला नमस्कार करण्यास माझी हरकत नाही. नमस्कार करणाऱ्याने तत्पूर्वी यादी पुरी केली आहे की नाही, पायथ्याची घरे दरडीच्या आधी बांधली की नंतर, आणि रात्री आलेला आकडा वाडीपर्यंत पोहोचवण्यासाठी कोणाची नेमणूक केली होती, हे विचारण्याचा अधिकार मात्र त्या डोंगराखाली राहणाऱ्या प्रत्येकास आहे. आणि ते विचारणे हे ईश्वरनिष्ठेच्या विरुद्ध नसून तिचाच एक भाग आहे.