नकारातील प्रामाणिकपणा

जालन्याच्या मोंढ्यात पहिल्या पोत्याचा ठिकाणा लिहिलेली चिठ्ठी पाहूनच कोणी थप्पीतील पोत्यांची संख्या सांगू लागला, तर आपण त्यास वेडा म्हणू. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी रचलेल्या ‘सी’ या संगणकभाषेत मात्र हेच घडते. शंभर अंकांची रांग फंक्शनच्या स्वाधीन केली की तेथे पोहोचतो केवळ पहिल्या घराचा पत्ता. आणि मोजणीचे साधे सूत्र, म्हणजे मॅक्रो, आजच्या सामान्य यंत्रावर पत्त्याच्या आठ बाइटांना अंकाच्या चार बाइटांनी भागून निःशंकपणे ‘दोन’ म्हणते! लिनक्सच्या गाभ्यातील मॅक्रो आधी प्रकार पडताळतो. रांगेऐवजी पत्ता आढळल्यास प्रोग्रामचे भाषांतरच रोखतो. खोट्या उत्तराहून असा नकार हीच खरी सेवा होय. ‘ठाऊक नाही’ म्हणण्याची लाज बाळगणाऱ्या आम्हां अध्यापकांनी हा धडा अवश्य गिरवावा.