ठेवू का विकू?

२०२५ च्या घटस्थापनेच्या आठवड्यात सिल्लोड तालुक्यातल्या मामांकडे गेलो होतो. पुढच्या खोलीत पहिल्या वेचणीचा कापूस पसरलेला होता. पावसाने पिवळसर पडलेला, हाताला दमट लागणारा. बाहेर आभाळ थांबायला तयार नव्हते. मामांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारले, "ठेवू का विकू?"

मी शहरात राहतो, वर्तमानपत्रे वाचतो, म्हणजे मला कळत असेल, असा त्यांचा समज. मी उत्तर दिले नाही. घरी परतल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. मामांच्या खोलीतल्या त्या ढिगाचा भाव सिल्लोडच्या बाजार समितीत पुकारला जातो खरा, पण तो तिथवर येतो कुठून?

त्या वर्षीच्या ऑगस्टपासून सुरुवात करू. अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आयातशुल्क लावले. रशियाकडून तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. आपल्या तयार कपड्यांचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक अमेरिकाच. तिरुपूरच्या शर्टावर एकदम पन्नास टक्के बोजा पडल्यावर गिरण्यांनी आणि निर्यातदारांनी दिल्लीकडे धाव घेतली: निदान कच्चा माल तरी स्वस्त करा. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर एकूण ११ टक्के आयातशुल्क बसले होते. १९ ऑगस्टपासून ते शून्यावर आले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढली ३१ डिसेंबरपर्यंत. चारच दिवस आधी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी शेतकऱ्यांच्या हितापुढे आपण भिंतीसारखे उभे आहोत, असे सांगितले होते. शुल्क उठताच भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, आपल्याकडच्या गाठींचा भाव दोन दिवसांत खंडीमागे १,१०० रुपयांनी उतरवला.

म्हणजे अमेरिकेने कर बसवला शर्टावर आणि भाव उतरला रुईचा. मधल्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी आपले ओझे खालच्याच्या डोक्यावर दिले. सगळ्यात खाली मामांची खोली आहे. त्यांच्याखाली द्यायला कुणी नाही. फार तर वेचणीला येणाऱ्या बायकांची किलोमागची मजुरी ते कमी करू शकतात, आणि तेही करवत नाही.

गिरणीवाल्यांचे म्हणणे मी खोटे ठरवत नाही. तिरुपूरमधले यंत्र बंद पडले तर त्यामागे बसणारी बाईही कुणाची तरी लेकच आहे, आणि गिरणीच बंद झाली तर मामांची रुई घेणार कोण? माझी तक्रार वेगळी आहे. परराष्ट्र धोरणाचा निर्णय देशाचा होता. तेल कुणाकडून घ्यायचे हे ठरवायचा देशाला हक्कच आहे आणि त्या बाबतीत झुकू नये, असे मलाही वाटते. पण मग त्याची किंमत देशाच्या तिजोरीतून जायला हवी होती. गिरण्यांना मदत तिजोरीतून करता आली असती. ती कापसाच्या भावातून वळती झाली, कारण ऑगस्टमध्ये कापूस शेतात उभा होता आणि उभ्या पिकाला संघटना नसते.

एकमेकांवर अवलंबून असलेले देश भांडणार नाहीत, कारण दोघांचेही नुकसान होईल, असे जागतिकीकरणाच्या आरंभी आपल्याला पुष्कळ सांगितले गेले. मला तर उलटे दिसते. ज्याच्याशी देवाणघेवाण आहे त्याचाच हात पिरगाळता येतो. आणि पिरगाळल्यावर जिंकतो तो, ज्याला थांबता येते. चीनने जुलै २०१८ मध्ये अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के कर लावला, तेव्हा चीन थांबू शकला, कारण ब्राझील होता. अमेरिकेचा शेतकरी थांबू शकला, कारण त्याच्या सरकारने दोन वर्षांत मिळून २८ अब्ज डॉलरच्या मदतीची तरतूद केली. गिऱ्हाईक मात्र पूर्वीसारखे हक्काचे राहिले नाही. चीनच्या खरेदीतला मोठा वाटा ब्राझीलकडेच राहिला.

मग त्याच अमेरिकी शेतकऱ्याचा मका आपल्या दारात येऊन उभा राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी विचारले, की एकशे चाळीस कोटी लोकांचा हा देश आमचा मका अजिबात का घेत नाही? तो बहुतांश जनुकीय बदल केलेला आहे आणि आपल्याकडे त्याला परवानगी नाही, हे एक उत्तर. दुसरे उत्तर सिल्लोड, भोकरदन, कन्नड, फुलंब्रीच्या शिवारात उभे आहे. कपाशीच्या बोंडअळीला कंटाळून इथल्या पुष्कळांनी मका धरला. इथेनॉलने मक्याची मागणी वाढली, कोंबडीखाद्य होतेच. २०२५-२६ ला हमीभाव २,४०० रुपये होता. कापसाचा दरवाजा एका अधिसूचनेने उघडला, तसाच मक्याचाही उघडला तर या माणसांनी धरायचे काय? वाटाघाटीच्या टेबलावर मका ही एक ओळ असते. इथे ती पोरीच्या कॉलेजची फी असते.

आणि आपणही हात पिरगाळणारे झालो आहोत, हे सांगायला हवे. बांगलादेश आपल्या कांद्याचे मोठे गिऱ्हाईक. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ अशी तीनदा आपण निर्यात अचानक बंद केली. २०१९ मध्ये शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन सांगितले, की मी माझ्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितला आहे. लोक हसले. पण ज्याला आपण असे तिष्ठत ठेवतो, तो दुसरी दुकाने शोधतो, स्वतःही लावणी करतो. २०२४ च्या मे महिन्यात, महाराष्ट्रातले लोकसभेचे मतदान सुरू असताना, ती बंदी उठली, तरी कांद्याच्या दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री हरल्या. सिल्लोड ज्या जालना मतदारसंघात येते, तिथे सलग पाच वेळा निवडून आलेले रावसाहेब दानवेही पडले. तिथे आरक्षणाचा प्रश्न मोठा होता, सगळे कापूस-सोयाबीनच्या भावावर ढकलणे खोटे ठरेल. आणि सहाच महिन्यांनी विधानसभेला राज्याने उलटा कौल दिला. व्यापारातल्या चुकीचा राग मतपेटीत जातो, पण तिथे तो इतर रागांत असा मिसळतो की दिल्लीला तो वेगळा ओळखू येत नाही.

सिल्लोडच्या मातीला व्यापारातली ही हातपिरगाळणी नवी नाही. १९४८ पर्यंत इथे निजामाचे राज्य होते आणि अजिंठ्याचा घाट उतरला की खानदेश, इंग्रजांचा मुलूख. दोन्हीकडे एकच भाषा, एकच सोयरीक, मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. रुपयाही वेगळा: इकडे हाली, तिकडे कलदार. २९ नोव्हेंबर १९४७ ला हैदराबादने भारताशी 'जैसे थे' करार केला आणि थोड्याच दिवसांत मौल्यवान धातू बाहेर नेण्यावर बंदी घातली, संस्थानात भारतीय चलन चालणार नाही असा वटहुकूम काढला. पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज दिले. उत्तरादाखल भारताने आर्थिक नाकेबंदी केली. निजामाकडे सोने होते, समुद्र नव्हता. मीठ, पेट्रोल, औषधे सगळे बाहेरून यायचे. गोव्याचे बंदर मिळावे म्हणून त्याने पोर्तुगिजांकडेही खटपट केली होती. ऑगस्ट १९४८ मध्ये निजामाची तक्रार सुरक्षा परिषदेत गेली, १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या, १७ ला संस्थान शरण आले. तो दिवस आम्ही मुक्तिदिन म्हणून मानतो आणि मनापासून मानतो. रझाकारांची दहशत ज्यांच्या घरांनी सोसली, त्यांना नाकेबंदीबद्दल तक्रार नव्हती. तरीही जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणवला जाणारा निजाम थांबू शकला नाही, ही गोष्ट मी आज पुन्हा पुन्हा आठवतो. तिथे खोलीभर कापसाची काय कथा?

थांबायची ताकद शेतकऱ्याला देता येते. कागदावर ती होतीच: २०२५-२६ ला कापसाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११०, सीसीआयची खरेदी, शेतमाल तारण कर्ज. पण खरेदीसाठी त्या हंगामात 'कपास किसान' ॲपवर नोंदणी हवी होती, आणि कापसात ओलावा बारा टक्क्यांच्या वर चालत नव्हता. सप्टेंबरभर भिजलेल्या बोंडाला हे कोण समजावणार? तालुक्याला पुरेसे गोदाम, ओल्या कापसासाठी प्रतवारीनुसार खरेदी, आणि आयातीचा दरवाजा उघडायचाच असेल तर तो पेरणीआधी जाहीर करून. एवढे झाले असते तर मामा दिवाळीपुरता कापूस मोडून बाकीचा निर्धास्त ठेवू शकले असते.

त्यांनी एकदा थांबून पाहिलेले आहे. २०२१-२२ ला भाव दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या वर्षी पुन्हा तसाच चढेल म्हणून गावोगाव लोकांनी कापूस घरात दाबून ठेवला. भाव उतरतच गेला. उन्हाळा आला, कापसात बारीक किडे झाले, पोरांच्या अंगाला खाज सुटली. मामी अंगणात झोपायला लागल्या. शेवटी पावसाच्या तोंडावर सगळा विकला.

मी निघालो तेव्हा मामी खोलीच्या दारात उभ्या राहून त्या ढिगाकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "औंदा मी घरात ठेवू देणार नाही."