न पाहिलेला चेहरा

ज्या माणसाला आम्ही कधी पाहिले नाही, त्याच्याविषयी साक्ष देण्याचा अधिकार आम्हांला आहे काय? वेल्समध्ये जन्मलेल्या चित्रकर्ती ग्वेन जॉन यांच्यापुढे हा प्रश्न फ्रान्समधील म्यूदाँ गावी उभा राहिला. 1913 साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्याच सुमारास तेथील डॉमिनिकन धर्मभगिनींनी त्यांच्याकडे आपल्या संस्थापिकेचे, मदर मारी पूसपँ यांचे, व्यक्तिचित्र मागितले. मदर तर 1744 मध्येच निवर्तल्या होत्या. हाती होते केवळ एक छापील प्रार्थनाकार्ड.

कल्पनेने रंग भरून चित्र चटकन देता आले असते. ग्वेनबाईंनी मात्र तेच चित्र तैलरंगांत पुनःपुन्हा काढले; 1920 उजाडले तरी काम सुरूच होते. एक प्रत आज बर्मिंगहॅमच्या बार्बर इन्स्टिट्यूटमध्ये आहे, दुसरी कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात. बसलेली व्रतस्थ स्त्री, मांडीवर जुळलेले हात, संयत रंग, पुसटसे स्मित. तेजोवलय नाही. (ख्रिस्तसभेने मदरांना धन्यवादित घोषित केले ते 1994 मध्ये.)

भगिनींना इतकी वर्षे तिष्ठत ठेवणे न्याय्य होते काय? मागणाऱ्याचाही हक्क असतोच. तरीही आमचा कौल ग्वेनबाईंच्या बाजूने आहे. जेवढे हाती होते तेवढेच त्या पाहत राहिल्या. अपरिचित मृताच्या दफनविधीत ‘प्रेमळ, श्रद्धाळू’ ही विशेषणे आमच्याही जिभेवर आयती येतात. ती खोटीच असतात असे नव्हे. पण आम्ही ती पारखून घेतलेली नसतात.

अलीकडे अशाच एका प्रवचनापूर्वी आम्ही मृताच्या पत्नीला विचारले, “त्यांचे हात कसे होते?” त्या बराच वेळ बोलत राहिल्या.