वाढत्या अंगाचे इंजिन



सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याची लहानशी होडी. इतके दिवस तो ती वल्हवत होता. आता तो म्हणतो, "बाबा, इंजिन घेऊ या." बाप मनात पैशांचा हिशेब मांडतो, आईच्या पोटात गोळा येतो, आणि मुलाच्या ओठांवर एकच प्रश्न असतो : किती हॉर्सपॉवरचे?

पुसेगावात होडीची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णा नदीवरची मोठी धरणे आपल्यापासून फार दूर नाहीत. धरणांच्या पाण्यावर मासेमारी करून पोट भरणारी कुटुंबे महाराष्ट्रात सगळीकडे आहेत. त्यांची मुले लहानपणीच वल्हे हातात घेतात. ज्यांच्या घरी होडी नाही त्यांच्या घरी मोटारसायकल आहे, ट्रॅक्टर आहे, आणि हाच प्रश्न आहे : वयात येणाऱ्या मुलाच्या हाती किती ताकद द्यावी? होडीवर हा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून आज होडीचाच विचार करू.

पहिले माप होडीचे. मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे जे इंजिन, त्याला आउटबोर्ड मोटर म्हणतात. १९०९ साली अमेरिकेत ओल एव्हिनरूड यांनी विकायला आणलेले असे इंजिन अवघ्या दीड हॉर्सपॉवरचे होते आणि लोकांनी ते आनंदाने घेतले. आज बाजारात अडीचपासून कितीही मोठे मिळते. पण होडी किती पेलते ते होडीच ठरवते. अमेरिकेत वीस फुटांखालच्या होड्यांसाठी सरकारी नियम आहे. होडीची लांबी आणि मागच्या फळीची रुंदी फुटांत मोजायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. बारा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद होडीचा गुणाकार बेचाळीस येतो. तिला जास्तीत जास्त साडेसात हॉर्सपॉवर चालते; तळ सपाट आणि कडा धारदार असतील तर फक्त पाच. ही वरची मर्यादा आहे, एवढे घ्यावेच असे नाही.

याला कारण आहे. अडीच हॉर्सपॉवरचे इंजिन पंधरा-सतरा किलोचे असते, दहा-पंधरा हॉर्सपॉवरचे चाळीस किलोच्या आसपास जाते. तेवढे ओझे मागच्या फळीवर, शेजारी बसलेला मुलगा आणि पेट्रोलचा डबा. होडीचे तोंड वर उचलले जाते आणि मागून पाणी आत येते. शिवाय पाणी कापत जाणाऱ्या बारा फुटी होडीचा स्वाभाविक वेग ताशी साधारण साडेआठ किलोमीटर. त्यापुढे रेस वाढवली तर पेट्रोल जळते, मागे लाट उठते, पण वेग फारसा वाढत नाही. पाण्यावर उचलून धावणारी होडी वेगळ्या बांधणीची असते. आपल्या होडीचा आकार न पाहता मोठे इंजिन घेणारा माणूस लाटा विकत घेतो.

दुसरे माप पाण्याचे. धरणाचे पाणी शांत दिसते, पण ते सारखे बदलते. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या शेतांचे बांध, बाभळीचे खुंट आणि खडक पृष्ठभागाच्या जवळ येतात. वल्ह्याला ते लागले तर वल्हे अडते. वेगात फिरणाऱ्या पंख्याला लागले तर पंखा तुटतो आणि होडी हिसका खाते. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणात वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. वळवाचा वारा आपल्याकडेही असाच सांगून येत नाही.

इथे कोणी म्हणेल, "मग मोठे इंजिनच बरे ना? वारा सुटला तर लवकर काठ गाठता येईल." हे म्हणणे टाकून देण्यासारखे नाही. अगदी दुबळे इंजिन समोरच्या वाऱ्यात होडी पुढे नेऊ शकत नाही. तेव्हा कमी ताकद म्हणजे सुरक्षित, हेही खरे नाही. भीतीपोटी निवडलेले इंजिनसुद्धा मुलाला संकटात टाकू शकते. मग मधले काय ते कसे ठरवावे?

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी या प्रश्नाला पैलवानाच्या खुराकाचे उदाहरण दिले आहे. समजा, दहा माप अन्न फार होते आणि दोन माप कमी पडते. म्हणून तालमीचा वस्ताद सगळ्यांना सहा माप वाढत नाही. मिलो नावाच्या नामांकित मल्लाला सहा माप कमी पडेल आणि नुकत्याच तालमीत आलेल्या पोराला ते जास्त होईल. सद्गुण मध्यावर असतो, पण तो मध्य गणिताचा नसतो. समोरच्या माणसाचा असतो. म्हणूनच शेजाऱ्याच्या मुलाला काय घेतले, हे आपल्या मुलासाठी माप होऊ शकत नाही.

तर तिसरे माप मुलाचे, आणि तेच सर्वांत अवघड. आपल्याकडे कपडे वाढत्या अंगाचे घेतात. शाळेचा गणवेश दोन बोटे मोठा शिवतात, चपला एक नंबर पुढच्या आणतात. गरिबाच्या संसारात ते शहाणपणाचेच आहे. सैल सदरा मुलाचे काही वाईट करत नाही, वर्षभरात तो अंगाला बसतो. इंजिनाचे तसे नाही. मुलगा उद्या वाढेल म्हणून आज घेतलेली ताकद उद्याची वाट पाहत नाही. ती आजच, त्याच्या आजच्या समजुतीनिशी, पाण्यावर उतरते.

शेतकऱ्याला हे कोणी शिकवायला नको. नव्या गोऱ्ह्याला आपण एकदम भरल्या गाडीला जुंपत नाही. जुन्या, सरावलेल्या बैलाच्या जोडीला त्याला जू देतो, आधी रिकामी गाडी ओढायला लावतो, मग हळूहळू ओझे वाढवतो. गोऱ्ह्याची ताकद कमी म्हणून नव्हे, ती अजून त्याच्या ताब्यात नाही म्हणून. जनावराच्या बाबतीत आपण इतके धीराने वागतो. मग पोटच्या पोराच्या बाबतीत एवढी घाई का होते?

कारण त्या घाईत पुष्कळदा आपलाच मान गुंतलेला असतो. "माझ्या पोराकडे काठावरचे सर्वांत मोठे इंजिन आहे," हे वाक्य मुलापेक्षा बापाला जास्त सुखावते. आपल्याला जे मिळाले नाही ते त्याला मिळावे, ही इच्छा पवित्र आहे. पण त्या इच्छेला त्याच्या होडीचे माप नसते. उलट काही घरांत एकच उत्तर : नाही म्हणजे नाही. तो मुलगा मग मित्राचे इंजिन लावतो, कोणाला न सांगता, कोणी न शिकवता. मान आणि भीती, दोन्ही मुलाकडे न पाहता निर्णय घेतात.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. इंजिनाची ताकद मुलाच्या हाती असते, पण तिचा धक्का इतरांनाही बसतो. पाण्यात दुसऱ्याची जाळी लावलेली असतात, काठावर बाया धुणे धूत असतात, पोरे पोहत असतात. रस्त्यावरही तेच. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. आपल्याला कळले नव्हते किंवा आपण रोखण्याचा पुरेपूर प्रयत्न केला होता, हे त्यानेच सिद्ध करायचे असते. कायद्याच्या आधीही हे खरेच होते. किल्ली देणारा हात निर्णयातून मोकळा होत नाही. होडीला इंजिन लावले की तिचीही तपासणी आणि नोंदणी यांचा प्रश्न येतो. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा त्यासाठीच आहे. इंजिन घेण्यापूर्वी त्याची आणि धरणाच्या परवानगीची चौकशी करावी.

ख्रिस्ती परंपरेत विवेकाला सद्गुणांचा सारथी म्हटले आहे. सारथी घोड्यांची ताकद कमी करत नाही, ती वाटेवर ठेवतो. हॉर्सपॉवर या शब्दातही घोडाच आहे. बाजारातून घोडे आणता येतात, सारथी आणता येत नाही. तो घरात घडवावा लागतो.

तो कसा घडवावा? आम्हांला वाटते, निवडीपासूनच मुलाला बरोबर घ्यावे. मोजपट्टी त्याच्याच हाती द्यावी. लांबी, रुंदी, तळ, फळीची उंची त्याने मोजावी, गुणाकार त्याने करावा. स्वतः काढलेल्या आकड्याशी मुले सहसा भांडत नाहीत. मग अटी ठरवाव्यात, थोड्या पण पक्क्या. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी सुटणार नाही. इंजिनाला बंद करणारी दोरी असते, ती मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेलीच हवी. चालवणारा पाण्यात पडला तर दोरी निसटते आणि इंजिन थांबते. वल्ही होडीत कायम राहतील. पहिले काही महिने जाणते माणूस शेजारी बसेल. आणि इंजिन बंद पडले तर त्याच जागेवरून तो होडी वल्हवत काठाला आणू शकतो, हे त्याने एकदा करून दाखवावे. जो इंजिनाशिवाय परत येऊ शकतो, त्याच्या हाती इंजिन शोभते.

एवढे झाल्यावर त्याला एकट्याला जाऊ द्यावे. हेही आईबापांचे कर्तव्यच आहे, आणि कदाचित सर्वांत कठीण. जोखीम पूर्ण काढून टाकली तर जबाबदारी शिकायला जागाच उरत नाही. बारा फुटी होडीला पाच हॉर्सपॉवर पुरेसे असेल, तर पाचच द्यावे, पण ते खऱ्या अर्थाने त्याचे असावे : पेट्रोलचा हिशेब त्याचा, साफसफाई त्याची, आणि वारा बघून आज जायचे नाही हा निर्णयही त्याचा. ज्या दिवशी तो स्वतःहून "आज वारा बरा नाही" म्हणून होडी बांधून ठेवील, त्या दिवशी मोठ्या इंजिनाचा विषय पुन्हा काढायला हरकत नाही.